सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ



आमचे गाव शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. गावाच्या नावातच जैन आहे, कारण येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जुने देऊळ आहे. देवळातली काळी मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे असे सांगतात, आणि ती पाहायला गुजरात-राजस्थानपासून माणसे येतात. दोन पंथांच्या वादात हे देऊळ १९८१ पासून बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ च्या मार्च महिन्यात ते उघडले. मधली बेचाळीस वर्षे आलेला यात्रेकरू दाराच्या झरोक्याला डोळा लावायचा, जेवढी दिसेल तेवढी मूर्ती पाहायचा आणि परत फिरायचा.

आम्हा उभयतांपैकी एक जण या यात्रेकरूंना वाशीम स्टेशनवरून, मालेगावच्या स्टँडवरून ऑटोरिक्षाने गावात आणतो. दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. हा मजकूर दोघांनी मिळून लिहिला आहे. लेखणी एकाच्या हातात असली तरी दुसरी शेजारी बसून "हे खोडा, असं नव्हतं झालं" म्हणत होती. म्हणून सगळीकडे 'आम्ही' हाच शब्द ठेवला. वेगळे सांगायची वेळ येईल तिथे रिक्षावाला आणि मदतनीस असे म्हणू. नावांत काय आहे!

तर सांगायचे असे, की रोज दुसऱ्यांना मुक्कामी पोहोचवणारा हा रिक्षावाला स्वतः प्रवासाला निघाला की कधीही वेळेवर आणि धड पोहोचत नाही. सोबत मदतनीस असली तर मुळीच नाही. एकेकटे गेलो तर दोघेही सुखरूप जातो-येतो. गंडांतर येते ते जोडीने निघाल्यावर.

आमचे लग्न १९९४ सालचे. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला ते वर्ष. लग्नानंतर पंधरा दिवसांनी दीक्षाभूमी पाहायला नागपूरला निघालो. त्या वेळी वाशीमवरून मीटरगेजची छोटी लाईन होती. स्टेशनवर दोन गाड्यांचे क्रॉसिंग होते आणि आम्ही नव्या नवलाईत गप्पा मारत समोर आली त्या गाडीत चढलो. बसायला जागा मिळाली म्हणून खूश होतो. डुलकी लागली. जाग आली तेव्हा अकोला यायला हवे होते, आले हिंगोली. रात्र हिंगोलीच्या फलाटावर काढली. नव्या नवरीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. पैसे परतीपुरतेच उरले, तसे घरी आलो. दीक्षाभूमी पुढच्या वर्षी गावच्या मंडळींबरोबर ट्रकमधून पाहिली.

एका सहा डिसेंबरला दादरच्या गर्दीत चुकामूक झाली. हरवला तो रिक्षावाला, पण भोंग्यावरून नाव पुकारले गेले मदतनिसीचे, कारण आपण हरवलो हे त्याला कबूलच नव्हते. लोणारला एका लग्नाला गेलो, पोटभर जेवलो, आणि आहेर देताना कळले की मांडव दुसराच आहे. त्या घरच्यांनी आहेर घेतला नाही, उलट पान दिले. असे किती सांगावे!

म्हणून तीस वर्षांत आम्ही दोघे मिळून सहलीला असे कधी गेलोच नाही. नागपूर, मुंबई, कुणाचे लग्न, कुणाची मयत, पोरीचे बाळंतपण, एवढाच प्रवास. पाहायला म्हणून, हिंडायला म्हणून नाही. तेवढा पैसाही नव्हता आणि हौसही अंगाशी आलेली होती.

२०२३ ची दिवाळी झाल्यावर अंगणवाडीत एक गोष्ट घडली. खिचडीचे पातेले उचलून नेताना मदतनिसीचा पाय डावीकडे बसलेल्या एका लेकराला लागला. खिचडी सांडली. लेकरू वाचले, दोन बोटे अंतराने वाचले. ती सारखी म्हणत होती, "मले ते दिसलंच नाही. तिथं कोणी नव्हतंच." आधीही ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, ताटाबाहेर पाणी ओतायची. आम्ही वय झाले म्हणून हसण्यावारी नेत होतो. अकोल्याला डोळे तपासले तेव्हा काचबिंदू निघाला. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू.

वाचक भगिनींना हे मुद्दाम सांगतो, कारण आम्हालाही दोन्ही एकच वाटत होते. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की पुन्हा दिसते. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेकडेचे दिसेनासे होते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज ठरल्या वेळी थेंब घालायचे, आयुष्यभर. आई-बापाला किंवा भावंडाला असेल तर चाळिशीनंतर दाब तपासून घ्यावा म्हणतात. तिच्या आईला म्हातारपणी दिसत नव्हते. ते कशाने, हे तेव्हा कुणी विचारले नाही.

डॉक्टरांकडून परत आल्यावर दोन दिवस घरात कुणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणाली, "कॅलेंडरावरचा लई पाह्यला. आता खरा दाखवा." कॅलेंडरवर अजिंठ्याचा पद्मपाणी होता.

बचत गटातले पैसे आणि रिक्षाची थोडी शिल्लक असे मिळून चार हजार जमले. २०२४ च्या फेब्रुवारीत सोयाबीन विकून, हरभरा सोंगून गाव मोकळे झाले होते. त्याच कॅलेंडरच्या मागे आम्ही कार्यक्रम लिहिला: रविवारी निघायचे, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी घरी. हा कागद आठ दिवस भिंतीला टाचलेला होता. शेजारीपाजारी वाचून गेले, सोयरे वाचून गेले, एक शिक्षकही वाचून गेले. कुणी काही म्हणाले नाही. ज्या वाचकांना त्या कागदातली गोम आताच कळली असेल त्यांनी कृपया दुसऱ्याला सांगू नये.

रविवारी पहाटे स्वतःच्याच रिक्षाने मालेगावपर्यंत जायचे आणि रिक्षा साळ्याच्या दारात लावायची असे ठरले होते. "आपली गाडी असताना दुसऱ्याची कायले?" हे रिक्षावाल्याचे वाक्य. मालेगाव यायच्या अलीकडेच क्लच वायर तुटली. आदल्याच दिवशी दोन यात्रेकरूंना त्याने अभिमानाने सांगितले होते की आपली गाडी रस्त्यात कधी थांबत नाही. मदतनीस काही बोलली नाही. ती उतरली, पदर खोचला आणि ढकलायला लागली. तिचे न बोलणे किती मोठे असते हे तीस वर्षे ज्याने ऐकले आहे त्यालाच ठाऊक.

बुलढाण्याची सकाळची गाडी गेली. मेहकरपर्यंत एसटीने गेलो. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. कंडक्टरने एक फुल एक हाफ दिले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "पाहा, मी सस्तीची. महागाचे तुम्ही." मेहकरहून एक खासगी गाडी मिळाली, तिचे चाक चिखलीच्या अलीकडे बसले. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. दोन तास बाभळीच्या सावलीला बसलो. शिदोरीतली ज्वारीची भाकर, ठेचा आणि तिळाची चटणी तिथेच संपली. ड्रायव्हरलाही दिली. तो संकोचत होता, पण भुकेला होता.

बुलढाण्याला पोहोचेपर्यंत रात्र झाली आणि अजिंठ्याकडची शेवटची गाडी निघून गेली होती. लॉजवर गेलो. तिथल्या माणसाने दोघांचेही आधार कार्ड मागितले. रिक्षावाल्याचे होते, मदतनिसीचे घरी दुसऱ्या पर्समध्ये राहिलेले. "पुरावा असल्याशिवाय जोडप्याला रूम देत नाही," तो म्हणाला. एक बावन्न वर्षांचा, एक एकोणपन्नासची. मदतनिसीने त्याला विचारले, "या वयात मी याच्यासंगं पळून येईन असं वाटते का तुले? पळायचं असतं तं दुसरा पाह्यला असता." शेवटी पुण्याच्या पोरीला फोन केला. तिने व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला आणि फोनवर एवढी हसली की आम्हालाही हसू आले.

सोमवारी सकाळी बुलढाण्याहून अजिंठा गावापर्यंत बस आणि पुढे घाट उतरायला काळी-पिवळी जीप. कोंबून बसलो होतो. फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरलो. लेण्या तिथून चार किलोमीटर आत आहेत, आतल्या बसने जावे लागते. जीप जळगावच्या दिशेने निघून गेली. समोर पाहिले तर दुकाने अर्धी मिटलेली, आतल्या बसेस उभ्या, माणसे नाहीत. एक रिक्षावाला सीटवर पाय टाकून पेपर वाचत होता. तो म्हणाला, "काका, आज सोमवार. सोमवारी लेण्या बंद राह्यतात."

आम्ही म्हटले, बरे, मग आज वेरूळ करू आणि उद्या इकडे येऊ.

"आज इथून वेरूळला जाईपर्यंत संध्याकाळ होईल," तो म्हणाला. "आणि उद्या मंगळवार. मंगळवारी वेरूळ बंद."

सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ! आठवड्याचे सात दिवस, त्यातून आम्ही नेमके हे दोन निवडले होते, आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले होते. पुढच्या बाजूला पाहिले असते तरी काही उपयोग नव्हता, तिथे पद्मपाणी होता. यात दोष कुणाचा नाही, आमचाच. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट आम्ही कुणाला विचारली नाही.

तेवढ्यात तिने पिशवी मागितली. पिशवी नव्हती. जीपमध्ये, सीटखाली राहिली होती. तिच्यात दोघांचे कपडे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि डोळ्यांचे थेंब. सकाळचा थेंब घातलेला होता, रात्री नऊचा घालायचा होता.

मग मात्र भांडण झाले. ते इथे पूर्ण लिहीत नाही, कारण पेपर घरात लेकरेही वाचतात. रिक्षावाल्याचे म्हणणे असे की पिशवी तिने मांडीवर घ्यायला हवी होती. तिचे म्हणणे असे की पिशवी डावीकडे ठेवली होती आणि डावीकडचे तिला दिसत नाही, हे नवऱ्याला तीन महिन्यांत कळायला हवे होते. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. "तुमच्यासंगं मी आता कुठीच येत नाही," ती म्हणाली आणि बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

फर्दापूरच्या त्या रिक्षावाल्याने विचारले, "जीपचा नंबर?" आमच्या रिक्षावाल्याने नंबर पाहिला नव्हता. गावात तो प्रत्येक यात्रेकरूला सांगतो की बसण्याआधी गाडीचा नंबर पाहून ठेवा. एवढे आठवले की मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहिले होते. तो म्हणाला, "काका, या रोडावर दर दुसऱ्या गाडीवर तेच हाय." तरी त्याने फोन काढला. स्टँडवरच्या माणसांचे एक वेगळे पोस्टखाते असते हे आम्हाला धंद्यामुळे ठाऊक आहे. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे निरोप गेले: काळी-पिवळी, सकाळच्या खेपेची, निळी नायलॉनची पिशवी, आत डोळ्याचं औषध. फर्दापुरातल्या औषधाच्या दुकानात तो थेंब नव्हता. चिठ्ठी नसल्याने नावही नीट सांगता येईना. पोरीला पुन्हा फोन केला. ती म्हणाली बघते, आणि या वेळी हसली नाही.

दुपार रिकामी होती. त्या माणसाने विचारले, "व्ह्यू पॉइंटावर नेऊ का? तिथून लेण्या दुरून दिसतात." दोघेही धंदेवाले निघाल्यामुळे त्याने भाडे फक्त पेट्रोलपुरते घेतले. घाट पुन्हा चढून, आत वळून आम्ही डोंगराच्या कडेला गेलो.

समोर वाघूर नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळलेला काळा कडा आणि त्याच्या पोटात ओळीने कोरलेली दारे. तीस लेणी. याच बाजूच्या डोंगरावरून १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात दहाव्या लेण्याची कमान दिसली असे म्हणतात. शेकडो वर्षे रानाखाली गेलेल्या लेण्यांची त्यानंतर जगाला खबर लागली. कोवळे नव्हते तरी ऊन चांगले होते, दारे स्पष्ट दिसत होती, पण आत काय आहे ते काही दिसत नव्हते.

रिक्षावाल्याला आपल्या गावचा झरोका आठवला. हजार किलोमीटरवरून आलेली म्हातारी माणसे त्याने देवळापाशी उतरवली होती, ती पाच मिनिटांत परत येऊन रिक्षात बसायची. "झालं दर्शन?" असे तो विचारायचा. ती म्हणायची, "हां, थोडं दिसलं." त्यांच्या आवाजात काय असायचे ते इतक्या वर्षांत त्याने कधी ऐकले नव्हते. तो तिला म्हणाला, "काय नशीब पाह्य आपलं. झरोक्यातून पाह्यल्यावानी पाहून जायचं."

ती म्हणाली, "मले तं आता सारं असंच दिसते."

ती रागाने म्हणाली नाही. डाव्या हाताची बोटे गोल करून डोळ्याला लावली आणि आम्हाला दाखवले, एवढे दिसते. मग रिक्षावाल्यानेही तसेच करून पाहिले. एक दार दिसले, शेजारचे नाही. मान वळवली की ते दिसायचे आणि आधीचे जायचे. बराच वेळ आम्ही दोघे डोंगराच्या कडेला हाताची नळी डोळ्याला लावून उभे होतो. फर्दापूरवाल्याला काय वाटले असेल कोण जाणे.

संध्याकाळी फर्दापुरात एका साध्या हॉटेलात बसलो. पोराने विचारपूस न करता स्टीलचा जग आणि दोन पेले आणून ठेवले. पाण्यावरून एक गोष्ट निघाली. बाबासाहेब १९३४ साली आपल्या तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळची बुद्ध लेणी पाहायला याच मुलखात आले होते. सहल म्हणूनच आले होते. 'वेटिंग फॉर व्हिसा' मध्ये त्यांनी ते लिहिले आहे, आमच्या विहारात ते वाचून झाले आहे. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले टाके होते. रस्त्याच्या धुळीने तोंडे माखली होती म्हणून मंडळींनी हात-तोंड धुतले, आणि टाके बाटवले म्हणून माणसे ओरडत धावून आली. शेवटी किल्ला पाहू दिला तो हत्यारी शिपाई बरोबर देऊन, कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. आम्ही दिवसभराचे रडगाणे गात होतो, क्लच वायर, स्टेपनी, सोमवार. ती जगाकडे पाहत म्हणाली, "त्यांनी तरी वेरूळ पाह्यलं नं शेवटी?" पाहिले, असे रिक्षावाला म्हणाला. मग दोघांनी मिळून तो सगळा जग संपवला.

आठ वाजले. साडेआठ वाजले. पोरीने अकोल्याच्या डॉक्टरांना गाठले होते. एक वेळ चुकली तर घाबरू नका, पण सवय करू नका, असा निरोप आला. तरी ती एका जागी बसेना. पावणेनऊला जीप येऊन थांबली. ड्रायव्हर विशीतला पोरगा. पिशवी त्याने पुढच्या सीटवर शेजारी ठेवली होती. म्हणाला, "मावशी, औषध हाय म्हणाले म्हणून शेवटची खेप इकडची घेतली." पैसे देऊ लागलो तर चहा मागितला. नऊला पाच कमी असताना हॉटेलच्या बाकावर ती आडवी झाली आणि रिक्षावाल्याने थेंब घातला. त्या दिवसापासून थेंब घालायचे काम त्याचे आहे.

मंगळवारी पहिल्या बसने आत गेलो. पायऱ्यांपाशी डोलीवाले असतात, चौघे जण खुर्चीला दांडे लावून वर नेतात. त्यांनी तिला विचारले. ती म्हणाली, "चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं असते बाबा. आज नाही."

पहिल्या लेण्यात चपला बाहेर काढून शिरलो. चित्रे खराब होऊ नयेत म्हणून आत उजेड अगदी मंद ठेवलेला. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आम्हाला अंधाराशिवाय काही दिसेना. रिक्षावाल्याच्या पोटात गोळा आला. एवढे करून आणले आणि हिला दिसणारच नाही की काय? आमच्यामागून एक सहल आली, मुलांनी इकडून तिकडे पाहिले आणि दोन मिनिटांत निघून गेली. ती तशीच उभी राहिली. हळूहळू डोळे सरावले. मागच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या हाताला, पद्मपाणी. तिने आधी मुकुट शोधला, मग मान खाली-वर करीत भुवया, खाली झुकलेले डोळे, हातातले निळे कमळ. "पाह्य, डोळे उघडे हायेत का मिटलेले हायेत ते कळत नाही," ती कुजबुजली. रिक्षावाल्याने एका नजरेत सगळी भिंत पाहिली होती, राजे, दासी, माकडे, सगळी गर्दी, पण हे त्याच्या लक्षात आले नव्हते. ती एकाच तोंडाकडे पाव तास पाहत होती. राखणदाराने आम्हाला पुढे व्हा म्हटले नाही.

सोळाव्या लेण्याबाहेर एक वाटाड्या आपल्या पाहुण्यांना भिंतीवरचा शिलालेख दाखवत होता. आम्ही मागे उभे राहून फुकट ऐकले. हे लेणे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघासाठी कोरवून घेतले. हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा, इसवी सनाच्या पाचव्या शतकातला. आणि वत्सगुल्म म्हणजे, वाटाड्या म्हणाला, आजचे वाशीम. आम्ही एकमेकांकडे पाहिले. शाळेत वाकाटक होते, पण ते कुठले हे कधी डोक्यात शिरले नव्हते. रिक्षावाल्याला राहवेना. "आम्ही वाशीमकडचेच," त्याने मोठ्याने सांगितले. पाहुण्यांनी वळून पाहिले. मदतनिसीने कोपराने ढोसले. पण पुढच्या लेण्यापर्यंत ती स्वतःच बोलत होती: तिथल्या राजाच्या मंत्र्याने एवढ्या लांब येऊन हे केले, तेव्हा कोणत्या वाटेने आला असेल, किती दिवस लागले असतील, बैलगाडीचा आख तरी मोडला असेलच की नाही. मोडला असेल, असे आम्ही दोघांनी ठरवून टाकले.

सतरावे, एकोणिसावे पाहिले. दहाव्यात स्मिथने खांबावर आपले नाव कोरून ठेवले आहे, तेही पाहिले. असे काही करू नये असे लेकरांना आपण सांगतो, हा मोठा साहेब होता म्हणून पाटी लावून दाखवतात.

सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाण आहे. उजव्या कुशीवर निजलेले भगवान, सुमारे सात मीटर लांब. खाली रडणारे शिष्य. बाहेरून येणारा माणूस मागे सरकतो आणि सगळे एकदम पाहतो. तिला मागे सरकूनही सगळे एकदम दिसेना. उशाशी गेली की पाय नाही, पायाशी गेली की चेहरा नाही. मग तिने रिक्षावाल्याचा हात धरला आणि उशापासून पायांपर्यंत चालत गेली, एकेक पाऊल, प्रत्येक पावलाला थांबून. अकरा पावले झाली. परत उशाकडे आली. असे तीन वेळा. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आता पुरे दिसले." रिक्षावाला काही बोलला नाही. त्याला खाली बसलेल्या शिष्यांपैकी एकाचे तोंड फार ओळखीचे वाटत होते.

वेरूळ राहिले. बुधवारी उघडे असते, पण पैसे संपले होते आणि गुरुवारी अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. परतीला मात्र काहीच घडले नाही. बस मिळाली, चाक बसले नाही, जागा मिळाली, बुलढाणा, चिखली, मेहकर, मालेगाव सगळे ओळीने आणि बरोबर आले. आम्ही दोघे अस्वस्थ होऊन बसलो होतो. रिक्षावाला दर स्टँडला पाटी वाचत होता.

घरी येऊन उंबऱ्यात चपला काढल्या तेव्हा मदतनिसीनेच पाहिले, समोर होते म्हणून पाहिले. रिक्षावाल्याच्या उजव्या पायातली चप्पल त्याची होती, डाव्या पायातली नव्हती. कुठल्या तरी लेण्याबाहेरच्या ढिगात बदलली होती आणि तो तशीच घालून पाऊणशे कोसांवरून आला होता.

ती डावी चप्पल आम्ही जपून ठेवली आहे. तपकिरी रंग, नऊ नंबर, अंगठ्याच्या पट्ट्याला लाल दोऱ्याची शिवण आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी अजिंठ्याला गेलेल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी काळी, आठ नंबरची, टाचेला झिजलेली डावी चप्पल असेल तर त्यांनी या पेपरच्या पत्त्यावर कळवावे. वेरूळला जायचे ठरते आहे, बुधवार पाहूनच ठरवतो आहोत, वाटेत पडत असेल तर आणून देऊ.